बुरशी पुसण्याआधी

क्षणभर हातातलं काम बाजूला ठेवा. आषाढ सरत आला आहे. देवगडच्या खाडीकाठी एका मांडवात होडी अर्धी उभी आहे. कणा बसला, फासळ्या चढल्या, फळ्या अर्ध्यावर आल्या. नारळी पौर्णिमेला होडी पाण्यात उतरावी, अशी मालकाची इच्छा. आणि आज सकाळी फळ्यांवर राखाडी-हिरवट बुरशी उमटली आहे.

हात आपोआप फडक्याकडे जाईल. त्याला थोपवा. नाकातोंडावर रुमाल बांधा आणि आधी नुसतं बघा.

बुरशी सगळीकडे सारखी नाही. आंब्याची फळी पुरती माखली आहे. सागाच्या फळीवर मात्र सालीलगतच्या पांढऱ्या पट्ट्यातच ठिपके आहेत, तपकिरी गाभा स्वच्छ आहे. झाड जिवंत असताना त्या पांढऱ्या भागातून रस वाहत होता. त्यातली साखर आणि पिष्ट अजून तिथेच आहे, आणि ही बुरशी त्यावरच जगते. लाकडाच्या धाग्यांना ती हात लावत नाही.

खरं वाटत नसेल तर अरी घ्या. डागावर टोक टेकवा आणि दाबा. टोक अडलं, उचकटल्यावर लांब चिवट कुसळ निघालं, तर लाकूड शाबूत आहे. टोक लोण्यात शिरावं तसं आत गेलं आणि तुकडा मोडून हातात आला, तर ती कूज. तेवढी फळी बदलावीच लागते. हे दोन आजार वेगळे आहेत. पण दोघांना लागते ओलच. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या वर गेली की बुरशी धरते. ३० टक्क्यांच्या आसपास पोचून तिथेच मुरली की कूज येते. म्हणजे आज दिसते आहे ती आगाऊ सूचना.

आता सावकाश विचारा: ही ओल आली कुठून?

लाकूड कधी कापलं होतं? इंचभर जाडीला वर्षभर वाळवण, हा सुतारांचा जुना हिशेब. तेवढं थांबलो होतो का? फळ्या एकीवर एक रचल्या, तेव्हा मध्ये पट्ट्या ठेवल्या होत्या का? मांडवाच्या ज्या बाजूला झाप आहेत तिथे बुरशी विरळ आहे. निळं प्लॅस्टिक घट्ट बांधलेल्या कोपऱ्यात ती दाट आहे. पाऊस दोघांनीही अडवला, पण झापांतून वारा खेळत राहिला.

लाकूड पुरतं न वाळवता बांधण्याच्या घाईचा दाखला इतिहासातही आहे. इंग्रजांचं ‘क्वीन शार्लट’ हे युद्धनौकांतलं मोठं जहाज १८१० साली पाण्यात उतरलं. १८१२पर्यंत ते इतकं कुजलं की बुरशी ओळखायला जेम्स सॉवर्बी या निसर्गअभ्यासकाला बोलवावं लागलं. त्याच काळात मुंबईच्या गोदीत वाडिया या जहाजबांधणाऱ्या घराण्याने सागवानाचं ‘ट्रिंकोमाली’ बांधलं. १८१७ सालचं ते जहाज आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगतं आहे. साग होता म्हणून टिकलं, हे खरंच. आपल्याकडे साग नसेल, आंबा-फणस असेल, तर धीर तरी सागाचा हवा.

आता हात चालू द्या. प्लॅस्टिक सोडा. बुरशी ब्रशने वाऱ्याच्या दिशेने, मांडवाबाहेर झटका. व्हिनेगरने फळी पुसा. ब्लीचने डाग उडतो, पण त्यातलं पाणी लाकडात मुरतं. टाकणखार आणि बोरिक ॲसिडचं द्रावण ओल्या लाकडात आतपर्यंत उतरतं आणि बुरशीला आवर घालतं. मात्र ते पावसाने धुऊन जातं, म्हणून पुढे त्यावर तेलाचा किंवा रंगाचा हात लागतोच.

हा हात कधी द्यायचा, इथे पुन्हा थांबा. फळीचा एक तुकडा रोज तोला. वजन उतरत जाईल, मग थबकेल. वाळलं, असं वाटेल. पण श्रावणात कोकणच्या हवेतच इतकी ओल असते, की लाकूड वाळून वाळून १८-२० टक्क्यांवरच अडतं. बांधणीला १५च्या आसपास हवी. अशा ओलसर लाकडावर रंग चढवला तर होडी देखणी दिसेल आणि ओल आत कोंडली जाईल.

आपण आणखी कशाकशावर असा ओल्यातच रंग चढवत आलो आहोत, याचाही विचार इथेच करून घ्या. उत्तर कुणाला सांगायचं नाही.

मालकाला मात्र स्पष्ट सांगा, ही नारळी पौर्णिमा सोडा. फळ्यांना वारा लागू द्या, ऑक्टोबरचं ऊन मिळू द्या. रंग दिवाळीनंतर.