भिंतीखालचा खजिना

मधल्या सुट्टीत नववीची चार मुले आमच्यासमोर येऊन उभी राहिली. तिघांचे बोट चौथ्याकडे. "सर, ये चोर है." काय चोरले म्हणून विचारले तर उत्तर आले, "हिरे." आम्ही दचकलोच. खिसे तपासण्याची वेळ मात्र आली नाही, कारण हिरे मोबाईलमधले होते.

माइनक्राफ्ट नावाचा हा खेळ. २००९ साली स्वीडनमध्ये तो सुरू झाला, २०११ साली पूर्ण रूपात बाजारात आला आणि २०१४ साली मायक्रोसॉफ्टने ती कंपनीच विकत घेतली. त्यातले सगळे जग चौकोनी ठोकळ्यांचे. ठोकळे फोडायचे, त्यांतून घर बांधायचे, हत्यारे करायची. हिरे फार खोलवर असतात, म्हणून मुले गुहा शोधतात. गुहा सापडली की खोदण्याचे श्रम वाचतात आणि भिंतीतले हिरे नुसत्या डोळ्यांना दिसतात. पण आत अंधार असतो, अंधारात राक्षस आणि तळाशी उकळता लाव्हा. मशाली लावत जावे लागते. जाणती मुले जाताना सगळ्या मशाली एकाच हाताला लावतात, म्हणजे परतताना त्या दुसऱ्या हाताला दिसल्या की वाट बरोबर आहे हे कळते. दोन खोल्यांत सात-आठ माणसे राहतात अशा घरांतली, कल्याणच्या दूधनाक्यावरची किंवा मुंब्रा-कौशाची मुले संध्याकाळी एखाद्याच्या फोनच्या आधाराने एकत्र येऊन अशा मोकळ्या रानात उतरतात, याचे आम्हाला तरी नवल वाटत नाही.

आरोप असा होता की तिघे आठवडाभर मशाली लावत खोदत राहिले आणि चौथ्याने नकाशा बघितला.

हा नकाशा कसला, ते समजून घ्यायला आम्हाला दोन दिवस लागले. खेळातले प्रत्येक जग एका आकड्यातून उगवते. त्याला 'सीड' म्हणतात, म्हणजे बीज. खेळाची आवृत्ती तीच असेल आणि आकडा तोच असेल, तर डोंगर तेच, नद्या त्याच, गुहाही त्याच जागी. ज्याच्या फोनवर ते जग राहते त्याला हा आकडा सहज दिसतो. तो आकडा दिला की जमिनीखाली कुठे काय आहे याचा नकाशा काढून देणारी साधने लोकांनी बनवली आहेत. म्हणजे ज्या गुहेत अजून कुणी पाऊल टाकले नाही, ती आधीच ठरलेली असते.

मुलाने आम्हाला तो नकाशा वाचून दाखवला. एक आकडा पूर्व-पश्चिमेचा, एक उत्तर-दक्षिणेचा आणि तिसरा उंचीचा. उत्तरेकडे जावे तसा आकडा उणे होत जातो. समुद्रसपाटी शून्यावर नसून सुमारे ६३ वर, आणि २०२१ च्या बदलानंतर तळ उणे ६४ पर्यंत गेला. गडद डाग म्हणजे पोकळी. दोन डाग एकमेकांना चिकटलेले दिसले तरी त्यांची खोली वेगळी असू शकते, हे त्याने आम्हाला सांगितले. हाच मुलगा भूगोलाच्या तासाला नकाशात गोदावरी दाखवताना तापीवर बोट ठेवतो! आम्ही रागावायला बसलो होतो, आणि मनात मात्र शाबासकी येत होती.

आम्ही ठरलेले उत्तर दिले. मेहनतीशिवाय मिळालेले हलाल नाही, बेटा. त्याने शांतपणे विचारले, "सर, नकाशा वाचायला शिकलो ती मेहनत नाही का? आणि भूगोलाच्या पुस्तकात नकाशा असतोच ना?"

या प्रश्नाने आमची झोप उडवली, कारण आम्हाला आमची बी.एड.ची पाठ टाचणांची वही आठवली. सराव पाठांची टाचणे आम्ही एका वरच्या वर्गातल्या मित्राच्या वहीवरून उतरवली होती. रात्र रात्र जागून, सुंदर अक्षरात, लाल शाईच्या समासासकट. मेहनत तर भरपूर होती. म्हणजे मेहनत हा काही निकष नव्हे; कष्ट चोरालाही पडतात.

आमच्या एका मौलवी मित्राचे म्हणणे पडले की दोष गैबात डोकावण्याचा आहे. आम्हाला ते पटले नाही. गैब म्हणजे जे अल्लाहखेरीज कुणालाही ठाऊक नाही ते. एका आकड्यातून यंत्र जे हिशेबाने काढते, ते गणिताच्या पुस्तकामागे छापलेल्या उत्तरांसारखे आहे. लपलेले आहे, अगम्य नाही. मुलाने एकट्याच्या जगात नकाशा बघितला असता तर आम्ही त्याला गुन्हेगार म्हटले नसते. फार तर रहस्यकथेचे शेवटचे पान आधी वाचणारा म्हटले असते, आणि त्याची थोडी कीव केली असती.

पण ते जग चौघांचे होते. तिघे अंधारात मशाल धरून चालत होते आणि आपला चौथा सोबतीही तसाच चालतो आहे असे मानत होते. "अरे, इधर देखें क्या?" असे तो नवखेपणाने विचारायचा आणि हिरे सापडले की सगळ्यांआधी आश्चर्य करायचा. तिघांना हिऱ्यांपेक्षा त्या आश्चर्याचा राग जास्त होता. सूरह हुजुरातच्या बाराव्या आयतीत तजस्सुसची, म्हणजे दुसऱ्याचे झाकलेले चोरून शोधण्याची, मनाई आहे. इथे दुसऱ्याचे काही झाकलेले नव्हतेच. झाकले होते ते त्याने स्वतःचे जाणणे. आमच्या वहीतही हेच घडले होते. परीक्षक विचारत, "ही उदाहरणे कशी सुचली?" आणि आम्ही सुचल्यासारखा चेहरा करत असू.

मोठ्या सामायिक जगांचे रखवालदार यावर एक युक्ती करतात. दगडाआड चोरून बघणाऱ्याला ते हिरे नसतील तिथे खोटे हिरे दाखवतात. युक्ती हुशारीची आहे, पण वर्गात वापरावी अशी नाही.

जुम्याच्या दिवशी सूरह कहफ पढण्याचा रिवाज आमच्या घरी आहे. कहफ म्हणजे गुहाच. त्या शुक्रवारी मात्र आम्ही गुहेतल्या झोपलेल्या तरुणांपाशी न थांबता पुढे हजरत मूसांच्या प्रवासापाशी अडलो. मूसांबरोबर एक जाणता पुरुष आहे. कुरआनात त्यांचे नाव नाही, हदीसमध्ये ते खिज्र आहेत. त्यांच्यापाशी जणू सगळा नकाशा आहे, आणि मूसा आपल्यासारखे पायाखालचे तेवढेच बघणारे. एका गावात कुणी त्यांना जेवूही घालत नाही, तरी खिज्र तिथली एक पडायला आलेली भिंत उभी करून देतात. मूसा म्हणतात, निदान मजुरी तरी घ्यायची. मागाहून उलगडते की त्या भिंतीखाली दोन यतीम मुलांचा खजिना होता. ती मोठी झाल्यावर त्यांनी तो स्वतः काढावा, अशी अल्लाहची मर्जी होती.

आम्ही ही कथा लहानपणापासून ऐकत आलो, पण खिज्रांना जागा ठाऊक होती, हे त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आले. जागा ठाऊक असून त्यांनी खणले नाही. मुलांना हाक मारून सांगितलेही नाही. उलट भिंत भक्कम केली.

शिक्षकाचे कामही पुष्कळसे असेच, हे सांगायचा मोह होतो; पण आम्ही वर्गात उत्तरे किती घाईने फोडतो ते आमचे आम्हाला ठाऊक. गाइडे विकणाऱ्यांना आम्ही नावे ठेवतो आणि मार्च जवळ आला की तीच गाइडे तासाला वाचून दाखवतो.

शनिवारी चौघांना बोलावून आम्ही भिंतीची गोष्ट सांगितली. निवाडा दिला नाही. चौथा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सर, हिरे वापस कर दूँ?" तिघांपैकी सर्वांत लहानखुऱ्या मुलाने मान हलवली. "नहीं चाहिए. वो गुफा तो अब देख ली ना."

त्यांनी ते जग पुसून टाकले. नवे जग दुसऱ्याच्या फोनवर उघडले, आणि आकडा कुणाला दिसू नये म्हणून सुरू करताना पडद्यावर हात धरला. चौथा आता त्यांच्याबरोबर पुन्हा खेळतो. परवा जिन्यात भेटला, हसला. नवा आकडा त्याने शोधून काढला आहे की नाही, ते आम्ही विचारलेले नाही.