घळ शोधणारा भक्त

महाडहून वरंध घाटाच्या वाटेला लागलं की डोंगराच्या कुशीत शिवथरघळ आहे. पावसाळ्यात धबधबा असा कोसळतो की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही! समर्थ रामदासांनी दासबोध हा ग्रंथ इथे सांगितला, अशी श्रद्धा. पण ही जागाच विस्मृतीत गेली होती. 1930 साली ती शोधून काढली धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी. पेशाने वकील, जीव मात्र मठामठांतल्या जुन्या बाडांत. 1871 ते 1958 एवढं आयुष्य. त्यातली कितीतरी वर्षं हस्तलिखितं जमवण्यात, तपासण्यात, छापण्यात गेली. बाडांवरची धूळ झटकणं, हीच मला त्यांची पूजा वाटते. ती बाडं आजही धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत. घळीत गेलात, तर समर्थांपुढे वाकताना एक नमस्कार देवांच्या नावानेही करा.