बाराशे पंधरा टन

प्रोग्रामिंगची सुरुवात छोट्या प्रकल्पांनी करावी, हे आता नव्याने सांगायला नको. प्रकल्प कशाला म्हणायचे, एवढाच वाद उरतो. प्रात्यक्षिकाच्या वहीत उतरवलेला मूळ संख्यांचा प्रोग्राम हे उदाहरण झाले; ते बरोबर की चूक, हे शिक्षक ठरवतात. प्रकल्पाचे उत्तर शिकणाऱ्याला स्वतःला पडताळता येते.

बीड जिल्ह्यात असा विषय घरातच असतो. केज, धारूर, वडवणी, पाटोदा या भागांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून उचल, टनावर मजुरी हा हिशेब मुलांच्या कानावर लहानपणापासून पडलेला असतो. तोच पायथनमध्ये मांडायचा. टोळीने काल 12 टन तोडला, आज 15; आकडे विचारून बेरीज दाखवायची. पहिल्या खेपेला पडद्यावर उमटते 1215. ‘इनपुट’मधून आलेले आकडे पायथनच्या लेखी अक्षरे असतात, म्हणून ती नुसती शेजारी जोडली जातात. दोन दिवसांत एका टोळीच्या हातून एवढा ऊस तुटत नाही, हे मुलांना लगेच कळते. ‘इंट’ लावले की 27 येते, आणि डेटा टाइपचा धडा व्याख्येवाचून पक्का होतो.

संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांना हे मुळीच पटले नसते. नवशिक्याला प्रोग्राम चालवू देऊ नये, तो बरोबर असल्याचे आधी सिद्ध करायला लावावे, अशी मांडणी त्यांनी 1988 मध्ये केली. ती विद्यापीठासाठी होती. आठवीच्या वर्गात तिने मुले पहिल्याच आठवड्यात पाठ फिरवतील. तरी डाइक्स्ट्रा यांचा एक मुद्दा खोडता येत नाही. मजुरीतून उचल वजा करणारा प्रोग्राम घ्या: उचल मजुरीपेक्षा जास्त असेल, तर ‘मिळणारी रक्कम’ म्हणून तो ऋण आकडा छापतो. तो बिनतक्रार चालतो, पण कुटुंब पुढच्या हंगामासाठी बांधले गेले, हे त्यातून कुठेच दिसत नाही. म्हणजे नुसते चालवून बघणे पुरत नाही. कोणत्या स्थितीत काय दिसायला हवे, हे प्रत्येक छोट्या प्रकल्पाआधी कागदावर लिहायलाच हवे.

गावाच्या उपयोगी कामातून शिकवण्याचा प्रयोग शास्त्रज्ञ डॉ. कलबाग यांनी 1983 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात सुरू केला. बीडमध्ये त्या विचाराला आणखी एक कारण आहे. काही मुले हंगामी वसतिगृहात राहतात, काही आई-वडिलांबरोबर फडावर जातात. चौथ्या धड्यावर पाचवा उभा असलेला वर्षभराचा अभ्यासक्रम त्यांच्यासाठी मधेच तुटतो. दोन तासिकांत पुरा होणारा प्रकल्प तुटत नाही. परतलेल्या मुलाकडे हंगामाचा ताजा हिशेब असतो, आणि ‘लूप’ शिकवायला तो पुरतो: रोजचा एक आकडा, हंगाम संपून पट्टा पडेपर्यंत.