वाटीत फुंकर मारून बघ

फोन खाली ठेव. तुझ्या चिकू पक्ष्याचे फोटो नको दाखवूस, ते सगळ्यांनी पाहिलेत. त्याचा पिंजरा शेवटचा कधी धुतलास, ते सांग.

आठवत नाही ना? वाटलंच होतं.

"सर, वेळच मिळत नाही." कुणाला सांगतोस हे? व्हिडिओला गाणं लावायला वेळ मिळतो. तुरा उभारून तो शीळ घालतो, ते चित्रित करायला मिळतो. फक्त ट्रेमधला कागद बदलायची वेळ आली की तुझ्या मागे हजार कामं लागतात.

परवा तुझ्या घरी आलो तेव्हा त्याची वाटी काठोकाठ भरलेली दिसली. मी फुंकर मारली. सगळी फोलपटं उडाली आणि तळाशी उरले चार दाणे. त्याच्यासारखा कॉकाटील पक्षी राळ्याचा दाणा चोचीत सोलतो, गर खातो आणि फोलपट तिथेच टाकतो, हे तुला माहीत नव्हतं? होतं! पाहुण्यांना तूच रंगवून सांगत होतास. मग सकाळी वाटीकडे लांबून बघून "आहे की भरलेली" म्हणून निघून कसा गेलास? फसवलंस कुणाला? त्याला नाही. त्याला ठाऊक आहे वाटीत काय आहे ते.

आणि दाणे तरी कसले? बहुतेक सगळ्या सूर्यफुलाच्या बिया. "त्याला तेच आवडतं." मुलीने रोज जेवणाला वेफर्स मागितले तर देशील? नुसत्या तेलबियांवर यकृतात चरबी साठते. 'अ' जीवनसत्त्व कमी पडतं आणि नाक, घसा, छाती धरायला लागते. गाजर बारीक किसून दे. कोथिंबीर, शेवग्याचा पाला, मोड आलेले मूग दे. "दिलं होतं, खात नाही." किती दिवस दिलंस? दोन! त्याने तोंड फिरवलं आणि तू सुटलास. नवं खाणं ओळखीचं व्हायला कधी कधी कित्येक आठवडे लागतात, हेही तू वाचलेलं आहेस. पण तुझ्या चहात बुडवलेली खारी मात्र तो लगेच खातो, नाही का? ती बंद. आजपासून.

आता पिंजऱ्याच्या जागेचं बोलू. स्वयंपाकघराच्या दारात टांगलाय. शेजारी गॅस, गॅसवर नॉनस्टिक तवा. तवा तापत ठेवून तू दारात गप्पा मारत उभा राहतोस. रिकामा तवा फार तापला की त्याच्या लेपातून विषारी वाफ सुटते. माणसाला बहुधा कणकण येईल, पक्षी काही मिनिटांत मरतो. पक्षी श्वास घेताना आणि सोडतानाही ताजी हवा त्याच्या फुप्फुसातून जात राहते. प्राणवायू भरपूर मिळतो, तसंच विषही. धूप, मच्छर कॉइल, फवारे, सगळं त्याच्या अंगावरच येतं. पिंजरा हलवायला किती वेळ लागतो? एक खिळा ठोकण्याएवढा. मग सहा महिने कसली वाट बघतोयस?

म्हणे, "फार ओरडतो." तू आतल्या खोलीत गेलास की ओरडतो. का, ते माहीत आहे तुला. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या माळांवर हे पक्षी थव्याने राहतात. सोबतचा नजरेआड झाला की हाक मारतात आणि उत्तराची वाट बघतात. इथे त्याचा थवा कोण? तू. एक शीळ परत घातलीस तर तो शांत होतो. आणि तू काय करतोस? पिंजऱ्यावर चादर टाकतोस. तुरा मागे चपटा करून तो फिस्कारतो, तरी बोट आत घालतोस. मग चावला की "माजलाय" म्हणतोस. माजलाय कोण?

रात्री साडेअकरापर्यंत त्याच्या डोक्यावर टीव्ही. त्याला दहा-बारा तास झोप लागते. अंधारात कशाने तरी दचकला की हा पक्षी पिंजऱ्यात आपटत राहतो, पिसं मोडतात, रक्त येतं. एवढासा मिणमिणता दिवा ठेव म्हटलं होतं. "विसरलो." विसरला नाहीस. उठायचा कंटाळा आला.

सगळ्यात मोठी लबाडी पुढेच आहे. "सर, तसा तो ठणठणीत आहे." कशावरून? आजार लपवणं हा पक्ष्याचा स्वभाव आहे. रानात दुबळा दिसला तो शिकाऱ्याने उचलला. पिसं फुलवून तो तळाशी बसेल, प्रत्येक श्वासाला शेपूट हलेल, तेव्हा तुला कळेल आणि बहुधा फार उशीर झालेला असेल. सगळा जीव ऐंशी ते शंभर ग्रॅमचा. त्यातले १० ग्रॅम गेले तर डोळ्यांना दिसत नाही, काट्याला दिसतं. केक करायला आणलेला काटा ओट्यावर पडलाय ना? चिकूला उभं कर त्यावर. आणि पक्षी बघणारा डॉक्टर गावात कुठे आहे, तो नंबर आजच शोध. आजारी पडल्यावर शोधायला गेलास तर पळता भुई थोडी होईल.

"नाहीतर सोडून देतो मोकळा." खबरदार! पिंजऱ्यात जन्मलेला पक्षी, त्याला इथलं आभाळ काय माहीत? संध्याकाळच्या आत कावळे फाडतील. त्याला मुक्ती म्हणू नकोस, हात झटकणं म्हण. आपल्या इथला देशी पोपट पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा, म्हणून तू कॉकाटील आणलास. कायद्यातून सुटलास, जबाबदारीतून नाही. नीट सांभाळलास तर हा पंधरा-वीस वर्षं जगेल. पाचवीतली तुझी मुलगी नोकरीला लागेल, तेव्हाही त्याला रोज ताजं पाणी लागेल.

तुला काही येत नसतं तर मी शिकवलं असतं. पण तुला सगळं येतं. ऑफिसातलं एक काम तू अर्धवट सोडत नाहीस, कारण तिथे विचारणारा साहेब आहे. चिकू जाब विचारू शकत नाही, म्हणून त्याचं काम शेवटी. कळतं पण वळत नाही, एवढंच तुझं दुखणं आहे आणि त्याला औषध नाही, कामाला लागणं आहे.

एक वही घे. रोज सकाळी, खाण्याआधी, चिकूचं वजन तारखेसकट लिही. रविवारी येतो. वही उघडून समोर ठेव. मला त्यात आकडे हवेत, सबबी नकोत.