सीलबंद डब्याची साक्ष

एखाद्या वस्तूवर शिक्का मारणे म्हणजे त्या वस्तूच्या वतीने बोलणे होय. डब्यात काय आहे हे गिऱ्हाइकाला दिसत नाही. म्हणून डबा बंद करणारा जणू त्याला सांगतो, की आतले मी पाहिले आहे, तू न पाहता विश्वास ठेव. लखोट्यावरची लाखेची मोहोर, औषधाच्या बाटलीचे न उघडलेले बूच, दागिन्यावरचा हॉलमार्क ही सारी या एकाच आश्वासनाची निरनिराळी रूपे आहेत. म्हणूनच खोटा शिक्का हा केवळ बाजारातल्या लबाडीचा विषय नाही. तो साक्षीचा विषय आहे, आणि साक्षीविषयी आपल्या धर्माला पुष्कळ सांगायचे आहे. या प्रश्नाचा विचार आम्ही येथे एका नव्या आणि काहीशा विचित्र उदाहरणावरून करणार आहोत.

११ जुलै २०२१ रोजी अमेरिकेतील हेरिटेज या लिलावसंस्थेने एक व्हिडिओ गेम पंधरा लाख साठ हजार डॉलरना, म्हणजे त्या वेळच्या हिशेबाने सुमारे साडेअकरा कोटी रुपयांना विकला. 'सुपर मारिओ ६४' हा तो खेळ १९९६ सालचा. त्याच्या लाखो प्रती निघाल्या होत्या आणि वापरलेली प्रत आजही काही हजार रुपयांत मिळू शकते. मग या प्रतीचे एवढे मोल कशासाठी? ती कारखान्यातून निघाली तशीच होती, तिच्यावरचे पातळ प्लॅस्टिकचे वेष्टन कोणीही फाडलेले नव्हते, यासाठी. असे खेळ तपासून त्यांना गुण देणाऱ्या संस्थाही आता निघाल्या आहेत. या डब्याला दहापैकी ९.८ गुण मिळाले होते. ज्याने तो घेतला तो हा खेळ कधी खेळणार नाही हे उघड आहे, कारण वेष्टन फाडताच बहुतेक सारी किंमत हवेत विरून जाईल.

जेथे वेष्टनाला एवढी किंमत येते तेथे वेष्टन बनवणारेही येतात. जुना, वापरलेला डबा घ्यायचा, त्यावर नवे प्लॅस्टिक चढवायचे, गरम हवेने ते आवळायचे आणि 'सीलपॅक' म्हणून इंटरनेटवर विकायला ठेवायचे. ते ओळखण्याच्या काही खुणा जाणकारांनी ठरवल्या आहेत. निन्टेन्डो कंपनीच्या जुन्या खेळांच्या डब्यामागे प्लॅस्टिकचे दोन पदर जेथे एकमेकांवर येतात तेथे आडवी रेघ असते. ती कडेच्या जोडांना मिळून इंग्रजी 'एच' अक्षरासारखी दिसते. प्लेस्टेशनच्या डब्यांना बाजूला पाकिटासारखी घडी असते. याउलट दुकानात चढवलेल्या वेष्टनाचा जोड अनेकदा डब्याच्या कडेने जातो, हवा बाहेर पडावी म्हणून त्याला बारीक छिद्रे असतात आणि प्लॅस्टिक जाडसर लागते. वेष्टनाखाली डब्याचे कोपरे झिजलेले, पण वेष्टन मात्र कोरे करकरीत, हेही संशयाचे कारण ठरते. शिवाय १९८५ च्या सुमारास निघालेल्या अगदी पहिल्या डब्यांना वेष्टनच नव्हते, झाकणावर फक्त एक लहानसा गोल कागद चिकटवलेला असे. तेव्हा त्या काळच्या डब्यावर सुरेख प्लॅस्टिक दिसले, तर तो सुरेखपणाच त्याच्याविरुद्ध पुरावा होतो. अर्थात यांतली प्रत्येक खूण शिकून तिचीही नक्कल करता येते.

बदलापुरात, हेंद्रेपाड्याच्या गल्लीत राहणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबाने अमेरिकेतल्या डब्यांची चिंता का करावी, असे कोणी विचारील. परंतु नकली शिक्क्याची गोष्ट आपल्याला परकी नाही. बदलापूरहून कल्याणकडे निघाले की अंबरनाथनंतर उल्हासनगर लागते. तेथल्या मालावरच्या 'मेड इन यूएसए' या अक्षरांचा अर्थ 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' असा सांगून आपल्या दोन पिढ्या हसल्या आहेत. विनोद म्हणून तो चांगलाच आहे, पण त्याने एका समाजावर अन्याय होऊ नये. फाळणीनंतर सर्वस्व गमावून आलेली ही माणसे कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींत राहिली आणि त्यांनी तेथून आपल्या हिमतीवर उद्योगांचे शहर उभे केले. नक्कल ही कोणत्याही एका जातीची वा गावाची मिरास नाही.

शिवाय या विनोदात एक नैतिक बारकावा दडलेला आहे. उल्हासनगरची वस्तू घेणाऱ्याला बहुधा ठाऊक असे की ती उल्हासनगरची आहे, आणि तो तिची किंमतही तशीच मोजत असे. नव्वदच्या दशकात आपल्या घरांतून टीव्हीला जोडायचे जे व्हिडिओ गेम आले, त्यांच्या कॅसेटींवर हजारो खेळांचा आकडा छापलेला असे आणि प्रत्यक्षात तेच पाच-दहा खेळ नावे बदलून पुनःपुन्हा येत. मुलांना ही लबाडी पहिल्याच दिवशी कळे, तरी सुट्टीभर शेजारपाजारची पोरे जमवून ती खेळत. मूळ निर्मात्याचा हक्क तेथे डावलला जात होता आणि त्याचे समर्थन करता येणार नाही. तरीपण ज्याच्या हाती ती कॅसेट पडली तो फारसा फसला नव्हता. आजच्या खोट्या सीलपॅक डब्याचे तसे नाही. तेथे फसवणूक हाच माल आहे.

आता समजा, आपल्याच वस्तीतल्या एका तरुणाने असे जुने खेळ गोळा केले. घरी हीट गन आणि प्लॅस्टिकचा रोल आणला आणि नवे वेष्टन चढवून डबे विकायला काढले. जाहिरातीत तो 'कारखान्याचे सील' असे लिहीत नाही, फक्त छायाचित्र टाकतो. आपण एकही शब्द खोटा बोललो नाही असे तो म्हणू लागला, तर त्याला काय उत्तर द्यावे?

त्याचा पहिला युक्तिवाद असा असेल, की आतला खेळ तर अस्सल आहे, मग फसवणूक कसली? संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या ग्रंथात खरेदीविक्रीतील कपटावर स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. विकणाऱ्याने मालातला छुपा दोष सांगावा की नाही, याचाही त्यांनी तेथे विचार केला आहे आणि ज्या दोषामुळे घेणाऱ्याचे नुकसान होते तो लपवणे अन्याय ठरवले आहे. येथे पाहायचे ते एवढेच, की पैसे कशाचे घेतले जात आहेत. वापरलेल्या प्रतीची किंमत आणि सीलबंद प्रतीची किंमत यांत जे अंतर आहे ते सारे वेष्टनाचे आहे. म्हणजे विकला जातो तो शिक्का, आणि तोच खोटा आहे. शब्द न उच्चारता खोटी साक्ष देता येते. हीट गन हीच त्याची जीभ झाली.

याउलट एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. अमेरिकेतील कित्येक दुकानदार त्या काळी परत आलेले किंवा वापरलेले खेळ धूळ बसू नये म्हणून स्वतःच वेष्टनात घालून ठेवत. कृती तीच, प्लॅस्टिकही तेच, पण तेथे साक्ष देण्याचा हेतू नव्हता. कृतीचा विषय, कर्त्याचा हेतू आणि परिस्थिती या तिन्हींनी कृत्याची नैतिकता ठरते, असे ख्रिस्तसभा शिकवते ते याचसाठी. मात्र तोच डबा तीस वर्षांनी ज्याच्या हाती येतो आणि ज्याला सत्य ठाऊक असते, तो ते दडपून विकील तर दुकानदाराची निरागसता त्याच्या उपयोगी पडणार नाही.

दुसरा युक्तिवाद जास्त मोहक आहे. घेणारा कोट्यधीश आहे, हौसेखातर किंवा सट्ट्यासाठी पैसे उधळतो आहे, त्याचे थोडे गेले तर बिघडले कुठे? सातवी आज्ञा कोणाच्या खिशाची जाडी पाहत नाही, हे तर खरेच. पण त्याहून महत्त्वाचे असे, की खोट्या शिक्क्याचे बिल अखेरीस तिसराच कोणी भरतो. आपल्या राज्याने हे पाहिले आहे. अब्दुल करीम तेलगी याच्या मुद्रांक घोटाळ्यात नाशिकच्या सरकारी छापखान्यातून काढून टाकलेली यंत्रे त्याच्या हाती लागली होती. २००१ साली त्याला अटक झाली, पुढे शिक्षाही झाली. पण त्या काळात ज्यांनी घराच्या किंवा शेताच्या व्यवहारासाठी प्रामाणिकपणे मुद्रांक घेतले होते, त्यांना आपले कागद खरे की खोटे ही धास्ती विनाकारण सोसावी लागली. खोटा शिक्का एका माणसाला लुबाडतो आणि सगळ्या खऱ्या शिक्क्यांना संशयित करून ठेवतो. एखाद्या घरात वडिलांनी खरोखर न उघडता जपलेला डबा असला, तरी त्यांच्या शब्दावर आता कोण विश्वास ठेवणार?

तिसरा युक्तिवाद असा, की डबा कोणी उघडणारच नाही, मग कळणार कोणाला? २०२२ साली जुन्या संगणक-खेळांच्या संग्राहकांत याच मुद्द्यावर खळबळ माजली. आपल्यातल्याच एका विश्वासू माणसाकडून वर्षानुवर्षे घेतलेल्या अनेक वस्तू बनावट आहेत, असे त्यांनी जाहीर केले. काही तबकड्या तपासल्या तेव्हा त्या कोऱ्या निघाल्या, असेही सांगण्यात आले. उघडले तर किंमत जाते, म्हणून कोणी उघडले नाही. उघडले नाही, म्हणून खोटे टिकले. परंतु इतर कोणी उघडो वा न उघडो, एका माणसाला आत काय आहे ते पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. खोटे बोलणाऱ्याचे हृदय दुभंगलेले असते, एक गोष्ट तो आत ठेवतो आणि दुसरी बाहेर दाखवतो, असे संत ऑगस्टीन यांनी म्हटले आहे. खोटा डबा विकला जाऊन दूरदेशी जातो. दुभंगलेले हृदय मात्र हेंद्रेपाड्यातच राहते आणि रविवारी मिस्सेलाही येते.

मग आपण सगळ्यांकडे संशयाने पाहावे काय? तसे नाही. तपासणे आणि संशय घेणे यांत फरक आहे. सोन्यावरचा हॉलमार्क आपल्याकडे २००० सालापासून आहे, जून २०२१ पासून तो टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकांच्या ओळख क्रमांकाशिवाय दुकानदाराला नवा दागिना विकता येत नाही. हा क्रमांक मोबाइलवर पडताळून पाहणारी गृहिणी सोनाराचा अपमान करीत नाही. उलट, प्रामाणिक सोनाराला त्याने आधारच मिळतो. ख्रिस्तसभा स्वतः हेच करीत आली आहे. संतांचे पवित्र अवशेष लहान डबीत ठेवून ती दोऱ्याने बांधली जाते, त्यावर लाखेची मोहोर उठवली जाते आणि सोबत अधिकाऱ्यांचे प्रमाणपत्र दिले जाते. प्रमाणपत्र नसलेले अवशेष सार्वजनिक भक्तीसाठी ठेवू नयेत, असे डिसेंबर २०१७ च्या सूचनापत्रात रोमने पुन्हा बजावले आहे. मात्र ख्रिस्तसभेच्या कायद्याप्रमाणे हे अवशेष विकण्यास सक्त मनाई आहे. तेथे मोहोर आहे, पण किंमतपट्टी नाही. ती सत्य राखण्यासाठी आहे, भाव चढवण्यासाठी नाही.

याच ठिकाणी आपल्या मूळ प्रश्नाचा गाभा हाती लागतो. दृढीकरण संस्कारात आपल्या कपाळावर पवित्र तेलाची मुद्रा उमटवली जाते. १९७१ साली पोप पॉल सहावे यांनी या संस्काराचे जे शब्द निश्चित केले, त्यांत मुद्रेचा स्पष्ट उल्लेख आहे. ही मुद्रा डोळ्यांना दिसत नाही, पुसली जात नाही आणि म्हणून दुसऱ्यांदा दिलीही जात नाही. पण ती आपल्याला बंद करून फळीवर ठेवण्यासाठी दिलेली नाही. ती वापरण्यासाठी आहे: लोकलच्या गर्दीत, दुकानाच्या गल्ल्यावर, मोबाइलवर वस्तू विकताना. संग्राहकाचा डबा उघडला की त्याचे मोल जाते, आणि ख्रिस्ती माणूस उघडला गेला नाही तर त्याचे मोल कळतच नाही. पुनरुत्थित प्रभूची ओळख पटवून घ्यायला संत थॉमस आले, तेव्हा प्रभूने त्यांना तपासू दिले. आणि अस्सलपणाची खूण म्हणून त्याने दाखवल्या त्या आपल्या जखमा. दहापैकी ९.८ गुण देणाऱ्यांच्या हिशेबात त्या बसल्या नसत्या.

आपल्या धर्मग्रामातील मुले आज घरबसल्या खरेदीविक्री करतात. त्यात वाईट काही नाही, कित्येक घरांना त्याचा हातभार लागतो. आईवडिलांनी त्यांना हिशेब विचारतात तसा आणखी एक प्रश्न विचारावा: तू जे विकलेस ते काय होते, हे घेणाऱ्याला तुझ्याइतके ठाऊक होते का? उत्तर नकारार्थी आले, तर पापनिवेदन करून प्रकरण संपत नाही. अन्यायाने घेतलेले परत करावे लागते, ही ख्रिस्तसभेची जुनी आणि कडक शिकवण आहे. पैसे परत करायला कठीण वाटेल, वस्तू परत घ्यायला लाज वाटेल. पण घेणाऱ्याला पत्र लिहून खरे काय ते कळवणे अशक्य नाही. तेवढे ज्याच्याकडून होईल त्याच्या शब्दावर पुढे विश्वास ठेवायला लोकांना कोणत्याही वेष्टनाची गरज पडणार नाही.