अमिबाला तीन तास

आमच्या सरांनी अमिबाला तीन तास दिले होते. रंगीत खडूंनी केंद्रकाचे दोन तुकडे करून दाखवले, हायड्राची कळी काढली, आणि माणसाचं पान आलं तेव्हा घड्याळाकडे बघत म्हणाले, "हे घरी वाचा रे, परीक्षेला फारसं येत नाही." मागच्या बाकांवर खसखस पिकली. घरी कोणी वाचलं नाही, कारण ते पान जूनमध्येच वाचून झालं होतं. वाचूनही ज्यांना उमगलं नाही त्यांच्यासाठी स्टेशनच्या भिंती होत्या, लोकलच्या डब्यात चिकटवलेले 'गुप्तरोगावर खात्रीशीर इलाज' होते. वयात येणाऱ्या मुलाच्या शरीरातल्या एका साध्या घडामोडीला आपल्या भाषेनं नावच 'स्वप्नदोष' देऊन ठेवलंय. दोष म्हटला की इलाज आला, आणि इलाज म्हटला की भोंदू आलाच.

शाळेत लैंगिक शिक्षण हवं की नको, हा वाद आपल्याकडे 'संयम की स्वैराचार' असा मांडला जातो. मला ती मांडणीच खोटी वाटते. सर्वंकष लैंगिक शिक्षणात थांबण्याचा, नाही म्हणण्याचा धडा असतोच. फक्त त्याच्या पुढची पानं फाडलेली नसतात.

ती पानं फाडून काय होतं, हे अमेरिकेनं पैसे मोजून पाहिलं. तिथल्या १९९६च्या कल्याणकारी योजनांच्या कायद्यात केवळ संयमाच्या शिकवणीसाठी वर्षाला ५ कोटी डॉलर ठेवले गेले. लग्नाबाहेरचा संबंध मनाला आणि शरीराला अपायकारक ठरू शकतो, असं शिकवणं त्या अनुदानाच्या व्याख्येतच होतं. पुढे संसदेच्याच आदेशावरून अशा चार कार्यक्रमांची तपासणी झाली. दोन हजारांहून अधिक मुलं, काही ही शिकवणी घेतलेली, काही न घेतलेली. २००७ साली अहवाल आला. दोन्ही गटांतली साधारण निम्मी मुलं संबंधांपासून दूर राहिली होती. उरलेल्यांचं पहिल्या संबंधाचं सरासरी वय दोन्हीकडे १४.९ वर्षं. जोडीदारांची संख्याही सारखीच. शिकवणीनं मुलं बिघडली नाहीत हे खरं, पण घडलंही काही नाही. (सगळे सर्वंकष कार्यक्रम तरी यशस्वी ठरले का? नाही. चार तासांत कोणाचं आयुष्य बदलत नसतं.)

त्याच २००७ साली महाराष्ट्रात किशोरवयीन शिक्षणाच्या पुस्तकांतल्या चित्रांवरून विधिमंडळात गदारोळ झाला आणि कार्यक्रम गुंडाळला गेला. दोन वर्षांनी, वेंकय्या नायडूंच्या अध्यक्षतेखालच्या राज्यसभेच्या याचिका समितीनं, लग्नाआधी शरीरसंबंध नको हा संदेश मुलांना द्यावा, असं सुचवलं. चिडवायला सोपी शिफारस आहे, पण तिच्यामागची आईबापांची धास्ती मी हसण्यावारी नेणार नाही. मुलगी फसली तर गाव तिलाच बोल लावतं, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

माझी हरकत वेगळी आहे. या संदेशात लग्न म्हणजे सुरक्षित कुंपण. आणि २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी जवळपास २२ टक्क्यांची लग्नं अठराच्या आत झालेली आढळली. त्या मुलींना 'लग्नाआधी नको' सांगून काय उपयोग? त्यांचा धोका कुंपणाच्या आतच होता.

या प्रांताला लैंगिक शिक्षणाचा हा वाद नवा नाही, हीच गंमत. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. त्यापायी विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी गेली. १९२७ला 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केलं आणि १९५३मध्ये मरेपर्यंत चालवलं. मला त्यातल्या लेखांपेक्षा वाचकांच्या पत्रांना दिलेली उत्तरं मोठी वाटतात. नाव न सांगता विचारलेला प्रश्न, आणि विचारणाऱ्याला न लाजवता दिलेलं सरळ उत्तर. या उत्तरांपायीच १९३४ साली अश्लीलतेचा खटला झाला. कर्व्यांच्या बाजूनं उभे राहिले बॅरिस्टर आंबेडकर. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला.

मागे एका तालुक्याच्या गावी माझी डॉक्टर मैत्रीण शाळेत बोलायला गेली, तेव्हा मी सोबत होतो. बुटाच्या खोक्याला फट पाडून प्रश्नपेटी केली होती. मुख्याध्यापक दारात उभे होते, तिनं त्यांना गोड बोलून चहाला पाठवलं. चिठ्ठ्या निघू लागल्या. पाळीत हात लावला तर लोणचं खरंच नासतं का? मिशा येत नाहीत म्हणजे काही कमी आहे का? एका चिठ्ठीवर नुसतं 'भीती वाटते' एवढंच.

एक चिठ्ठी चौघडी घातलेली, पेन्सिलीनं लिहिलेली होती. 'लग्न झाल्यावर नको म्हणता येतं का?' वर्ग नववीचा.

मैत्रिणीनं ती दोनदा वाचली. मग कोणाकडेच न बघता, सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "येतं. आणि बायको अठराच्या आतली असेल तर नवऱ्यानं केलेला संबंधसुद्धा कायद्यानं बलात्कार धरला जातो. सुप्रीम कोर्टानं २०१७ साली तसं सांगितलंय." तिनं फळ्यावर १०९८ हा चाइल्डलाइनचा नंबर लिहिला. वहीत उतरवून घ्या म्हणाली. सगळ्या मुली माना खाली घालून लिहीत होत्या, त्यामुळे चिठ्ठी कोणाची ते कळायला मार्ग नव्हता.

चहा संपवून मुख्याध्यापक आत आले. त्यांनी आधी फळा पुसून घेतला.