हाताची चव

कुर्डुवाडीला रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक तात्या राहतात. गेल्या दिवाळीत त्यांचा नातू दुबईहून आला, तो सिगारची लाकडी पेटी घेऊनच. पाडव्याच्या सकाळी फराळाच्या ताटल्या उचलल्यावर त्यानं पेटीतला एक सिगार मोठ्या अदबीनं आजोबांच्या हातात ठेवला. डॉक्टरांच्या सांगण्यावरून तात्यांनी विडी सोडली त्याला वीस वर्षं झाली, तेव्हा ओढण्याचा प्रश्न नव्हता. त्यांनी तो कानाशी धरून दोन बोटांत हलकेच दाबला, खिडकीशी नेऊन त्याचं बंद टोक निरखलं आणि म्हणाले, ‘‘वळणारीचा हात चांगला आहे.’’

नातू हसला. ‘‘आजोबा, ही विडी नाही. क्यूबातला सिगार आहे हा.’’

‘‘असू दे की. कुणीतरी वळलाच असेल ना?’’

प्रस्तुत लेखक त्या घरी फराळाला होता. बोलणं तिथंच संपलं, पण ‘वळणारीचा’ या शब्दातलं स्त्रीलिंग डोक्यातून जाईना. नातवाला त्या सिगारचं गाव, पीक, पेटीवरचा शिक्का सगळं पाठ होतं. तो वळला कुणी असेल हे मात्र त्याच्या मनात आलं नव्हतं. तात्यांच्या मनात पहिल्यांदा तेच आलं. त्यांचा अंदाजही अगदीच हवेतला नव्हता. हवानातल्या एल लागितो कारखान्यात १९६० च्या दशकात कोहिबा सिगार वळले जाऊ लागले, तेव्हा तिथं वळायला बसल्या होत्या त्या बायकाच.

तंबाखू जीव घेते हे नव्यानं सांगायला नको. चर्चिलचा सिगार आणि बाळासाहेब ठाकऱ्यांचा चिरूट यांची छायाचित्रंही सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहेत. ‘चिरूट’ हा शब्द मात्र मुळात साहेबाचा नव्हे. तमिळमधला ‘सुरुट्टु’, म्हणजे गुंडाळी, इंग्रजी बोटीतून फिरून आला आहे. विडी आली संस्कृतातल्या ‘वीटिके’वरून, ज्या घरातला आपला विडाही आहे. दोन्ही नावं गुंडाळलेल्या वस्तूची. धुराचा उल्लेख दोन्हींत नाही.

नातवाची बाजू आधी नीट मांडायला हवी, कारण तो पोरकट नाही आणि त्याचं ज्ञान खरं आहे. चांगल्या सिगारच्या पोटात तीन तऱ्हेची पानं असतात: झाडाच्या खालच्या अंगाची, जळायला सोपी, मधली, वासासाठी, आणि शेंड्याकडची, ऊन खाऊन जाड आणि जहाल झालेली. त्यांच्याभोवती बांधणीचं एक पान, आणि सगळ्यांवर वेष्टनाचं पान, शिरा बारीक, रेशमासारखं. क्यूबाच्या पश्चिमेकडच्या व्हुएल्ता आबाहो भागातल्या तांबड्या मातीतलं पीक त्यासाठी नावाजलेलं आहे. पानं वाळवायची, ढिगात घालून आंबवायची, मुरवत ठेवायची; वळून झाल्यावरही हवेतला दमटपणा पासष्ट-सत्तर टक्क्यांवर सांभाळायचा. ओढणाऱ्यानं टोक कापून आधी न पेटवताच एक झुरका घेऊन पाहायचा, मग आच लांब धरून कडा सारखी पेटवायची, धूर छातीत न नेता तोंडातच घोळवायचा, मिनिटाला एखादाच झुरका. पहिल्या एक तृतीयांशात लाकूड आणि गवत, मधल्यात कॉफी, शेवटी मिरी आणि चामडं. हे वर्णन खोटं नाही. गवयाचा षड्ज कळायला जसा कान तयार व्हावा लागतो, तशी यालाही जीभ तयार व्हावी लागते.

पण ही सगळी जिभेची चव झाली. मराठीत चवीचा आणखी एक पत्ता आहे. सुगरणीबद्दल बोलताना आपण म्हणतो, ‘तिच्या हाताला चव आहे.’ खाणाऱ्याच्या जिभेला जे जाणवतं, त्याचं घर भाषेनं करणारीच्या हातात धरलं. तीच डाळ, तीच फोडणी, तरी आईची आमटी आणि काकूची आमटी वेगळी, ही गोष्ट ज्या भाषेत सहज सांगता येते तिला दोन चवी ठाऊक आहेत. नातू जिभेच्या चवीचा माणूस, तात्या हाताच्या चवीचे. या लेखाचा मूळ हेतू इतकाच होता की ही दुसरी चव विडीलाही मिळवून द्यावी. हातानं वळलेला सिगार ज्या आदरानं हाताळला जातो, तो आदर हातानं वळलेल्या विडीला का नसावा, असं विचारावं.

विचारायला जागाही योग्य आहे. कुर्डुवाडीहून गाडीनं तासा-सव्वा तासावर सोलापूर. तिथल्या पूर्व भागातल्या तेलुगूभाषक पद्मशाली घरांत पुरुष मागावर आणि बायका विडीवर, अशी कित्येक पिढ्यांची वाटणी. आणि कुर्डुवाडी ज्या माढा तालुक्यात येते, त्याच तालुक्यातल्या एका मोठ्या गावाचं नाव टेंभुर्णी. ज्या झाडाच्या पानात विडी वळतात, त्याचंही मराठी नाव टेंभुर्णीच. बाजारात त्याला तेंदू म्हणतात. आज ते पान येतं गडचिरोली-गोंदियाच्या जंगलातून, ऐन एप्रिल-मेच्या उन्हात खुडून, मोजून, पुडके बांधून. तंबाखू निपाणीकडची, नाहीतर गुजरातेतली.

रात्री पानं भिजत घालायची. फार भिजली तर काळी पडतात, कमी भिजली तर वळताना चिरतात. किती वेळ, हे घड्याळ सांगत नाही, बोटं सांगतात. सकाळी पत्र्याचा साचा ठेवून कात्रीनं चौकोन कापायचे, जाड शीर बाजूला टाकायची. मांडीवर सूप. पानावर चिमूटभर तंबाखू पसरायची, एका टोकाला कमी, दुसऱ्याला जास्त. बोटांवर फिरवून वळायची, तोंड दुमडून नखीनं आत दाबायचं, बारीक टोकाला दोऱ्याचे वेढे. घट्ट झाली तर ओढली जात नाही, सैल झाली तर तंबाखू सांडते. अशा दिवसाला आठशे, हजार. एका विडीत तंबाखू पाव ग्रॅमच्याही आत, आणि ती चिमूट हजार वेळा तीच यावी लागते. नातवाच्या एका सिगारमध्ये साधारण दहा ग्रॅम, म्हणजे चाळीस-पन्नास विड्यांचा ऐवज. हवानातला कारागीर अशा आकाराचे सिगार दिवसाला शंभराच्या आसपास वळतो. बोटांच्या चपळाईचाच प्रश्न असेल तर सोलापूरनं मान खाली घालायचं कारण नाही.

यावर नातवाचं म्हणणं असं, की विडी ही तलफेची वस्तू आहे. तलफ आणि आस्वाद एका ताटात जेवत नाहीत. विडी ओढणारा चव घेत नाही, भूक मारतो.

हे त्याचं सगळ्यात वजनदार म्हणणं, आणि ते अर्धंच खरं आहे. टेंभुर्णीच्या पानातून हवा सहज आत जात नाही, त्यामुळे विडी हातात धरून बसलं की ती विझते. पेटती ठेवायची तर जोरानं आणि वारंवार झुरके घ्यावे लागतात. म्हणून तर ती छोटी असूनही शरीराला अपायात सिगरेटला हार जात नाही. सिगार मिनिटभर वाट पाहतो, विडी पाहत नाही. निवांतपणा एका वस्तूच्या बांधणीतच आहे, दुसरीच्या बांधणीत घाई. घाईची वस्तू ओढणाऱ्याला चव कळत नाही, हे मात्र पटणारं नाही. गावाकडचा जुना विडीवाला आपली छाप सोडून दुसरी ओढत नाही, हातात घेतल्या घेतल्या पान कोवळं की जून ते सांगतो, आणि यंदा तंबाखूत काहीतरी बदललंय म्हणून दुकानदाराशी भांडतो. त्याच्याकडे चामडं-कॉफी-मिरीची यादी नसेल, पण त्याची जीभ झोपलेली नाही.

इथं कुर्डुवाडीच्या रुळांकडे थोडं वळायला हवं. सिगारची जाडी सांगायची परिभाषा आहे ‘रिंग गेज’. इंचाचे चौसष्ट भाग करून त्यातले किती, असं मोजायचं. पन्नास गेजचा सिगार म्हणजे पाऊण इंचाहून थोडा जाड. गेज हा शब्द कुर्डुवाडीच्या पोरालाही समजावून सांगावा लागत नाही. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाच्या इंजिनिअरनं १८९७ मध्ये इथून बार्शीपर्यंत अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे सुरू केली. पुढं ती पंढरपूरला, लातूरला, मिरजेला गेली. अरुंद रूळ म्हणजे खेळण्यातली गाडी, हा समज त्यानं मोडून काढला. डब्यांचा भार चाकांवर सारखा वाटला तर अडीच फुटांवरूनही भरपूर माल नेता येतो, हे त्यानं या उघड्या माळावर करून दाखवलं. पण कॅल्थ्रॉपलाही एक अडचण चुकली नाही. मुंबईकडून मोठ्या रुळांवरून आलेला डबा छोट्या रुळांवर चढत नसे. कुर्डुवाडीला माल उतरवायचा आणि दुसऱ्या डब्यात भरायचा, हमालाच्या पाठीवरून. तात्यांच्या आठवणीत हे दृश्य अजून ताजं आहे. सिगारचा आस्वाद विडीवर नेऊ पाहणाऱ्यालाही हीच अडचण येते. शब्दांचा डबा तसाच्या तसा पुढं ढकलता येत नाही. आतला माल उतरवून, वजन कुणाच्या पाठीवर पडतंय ते पाहूनच भरावा लागतो.

तसा तो उतरवून पाहिला, तर पहिली गोष्ट हाती लागते ती वाचनाची. १८६५ मध्ये हवानाच्या एल फिगारो कारखान्यात सिगार वळणाऱ्यांसाठी वाचक नेमायची प्रथा सुरू झाली. हात कामात, कान मोकळे. मग एकानं उंच जागी बसून वर्तमानपत्रं, कादंबऱ्या वाचायच्या आणि बाकीच्यांनी आपल्या मजुरीतून त्याला पैसे द्यायचे. आवडलं की पानं कापायची सुरी लाकडी फळीवर आपटून दाद. पुढच्याच वर्षी सत्ताधाऱ्यांनी घाबरून वाचनावर बंदी घातली, पण प्रथा परत आली आणि टिकली. १९३५ चा ‘माँते क्रिस्तो’ सिगार ड्यूमाच्या कादंबरीचं नाव घेऊन आला. आपल्याकडे केरळात कन्नूरच्या विडी कारखान्यांतही कामगार वर्तमानपत्र वाचून घेत, आणि तिथल्या राजकारणाची शाळा तिथंच भरली. हाताला चव असणारा माणूस केवळ हात नसतो, हे या दोन्ही ठिकाणी दिसलं.

दुसरी गोष्ट हाती लागली आणि लेखाचा मूळ हेतू तिथं डळमळला. ती म्हणजे ‘छाट’.

वळलेल्या विड्या मोजून घेताना खराब म्हणून बाजूला काढतात, त्याला छाट म्हणतात. ही पारखच आहे. नातू सिगार निवडताना करतो त्याच जातीची. पण पारखणारा आणि पैसे देणारा इथं एकच, आणि छाटलेल्या विडीची मजुरी वळणारीला मिळत नाही. पान हिशोबानं दिलेलं असतं. त्यात फाटकी, जून पानं निघाली तर तूट तिनं पदरच्या पैशानं बाजारातून भरायची. पारख ही निर्मळ, निरुपद्रवी गोष्ट आहे असं मानून चाललेल्या लेखकाला इथं थांबावंच लागतं. कुणाची पारख आणि कुणाच्या खर्चानं, हा प्रश्न चवीच्या आधी येतो. सरकारनं १९६६ मध्ये विडी आणि सिगार कामगारांसाठी मिळून एकच कायदा केला. आस्वादकांनी ज्या दोन वस्तूंत सात समुद्र घातले, त्यांना कायद्यानं एका मथळ्यात बसवलं, कारण कायदा वळणाऱ्या हाताकडे पाहत होता.

मग जिभेची चव आणि हाताची चव या लाडक्या भेदाकडे पुन्हा पाहावं लागलं. ‘हाताला चव आहे’ हे वाक्य आपण कुणाला ऐकवत आलो? घरातल्या बाईला. ते ऐकवून आपण तिच्यासाठी दुसरं काय केलं? पिढ्यान्‌पिढ्या हे वाक्यच तिची मजुरी होती. कौतुक झालं, आणि ती पुन्हा चुलीपाशी गेली. क्यूबातल्या कारागिराची गोष्ट फार वेगळी नाही. त्याला वर्षानुवर्षं शिकून मान मिळतो, हुद्दा मिळतो. तरी त्यानं वळलेली एक पेटी परदेशात ज्या किमतीला जाते, तेवढे पैसे त्याच्या हातात पडायला कित्येक महिने लागतात. विडीलाही सिगारसारखा आदर द्यावा, बंडलावर वळणारीचं नाव छापावं, असं सुचवायचं या लेखकाच्या मनात होतं. ते आता मागे घेतलेलं बरं. तंबाखूची धूळ नाकातोंडात घेत, मान मोडून दहा-दहा तास बसणारी बाई जे काम लेकीच्या हाती जाऊ नये म्हणून करते आहे, ते काम आपल्या रसिकतेसाठी जपून ठेवा असं तिला सांगण्याचा अधिकार कुणाला नाही. हात खरोखर ओळखला असेल, तर तो या कामातून मोकळा व्हावा असंच वाटायला हवं.

हाताला कौतुकाहून जास्त काही मिळाल्याची, या कामातून तो मोकळा झाल्याचीही उदाहरणं आहेत. सोलापूरच्या विडी कामगार बायकांनी नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली वर्षानुवर्षं लढून कुंभारीला दहा हजार घरांची वसाहत उभी केली. गोदूताई परुळेकरांचं नाव तिला दिलं, आणि २००६ मध्ये तिचं लोकार्पण झालं. नंतर शेजारीच तीस हजार घरांचा रे नगर प्रकल्प आला. १९६६ च्या कायद्याची अंमलबजावणी सुरू झाल्यावर मालकांनी कन्नूरकडचं काम बंद केलं, तेव्हा कामगारांनी १९६९ मध्ये ‘दिनेश’ ही स्वतःची सहकारी संस्था काढली. विडीचा खप उतरू लागल्यावर त्या संस्थेनं हाताची कीव करत न बसता मसाले, कपडे आणि छत्र्या करायला घेतल्या. केरळच्या पावसात दिनेशची छत्री आज लोक आवर्जून घेतात. ज्या बोटांत चिमटीचं माप होतं, ती बोटं छत्रीच्या काड्यांवर कापड ताणू लागली.

भाऊबीजेच्या दिवशी तात्या सोलापूरला गेले. त्यांची थोरली बहीण, अक्का, कुंभारीच्या त्या वसाहतीतच राहते. ‘वळणारीचा’ हा शब्द त्यांच्या तोंडी कुठून आला, ते तेव्हा कळलं. अक्कांनी चाळीस वर्षं विड्या वळल्या. नातू सोबत होता आणि त्यानं एक सिगार बरोबर नेला होता. अक्कांनी तो चष्मा लावून पाहिला, वेष्टनाच्या पानाची तिरकी गुंडाळी नखानं पुसटशी चाचपली, टोकाशी पान कसं बसवलंय ते दोनदा पाहिलं. ‘‘दोरा नाही लावला,’’ त्या म्हणाल्या, ‘‘तरी सुटत नाही.’’ नंतर तो नातवाला परत देताना त्यांनी विचारलं, ‘‘तिकडं हजारी काय देतात?’’

नातवानं खिशातून फोन काढला आणि शोधायला लागला. अक्का उत्तरासाठी थांबल्या होत्या.